जटायूचा दुसरा पंख

दुकान बंद करून घरी आलो तरी डोकं शांत होत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

भोरला माझं सोनारकाम आहे. हिर्डोशीच्या एका मुलीने स्वतःच्या लग्नासाठी जटायूचं पदक घडवायला सांगितलं होतं. "रावण सीतेला नेत होता तेव्हा तिच्यासाठी एकटा तोच लढला, म्हणून तोच पाहिजे," ती म्हणाली होती. तीन आठवडे हाताने ठोकून, एकेक पीस कोरून मी ते केलं. एक पंख कापलेला ठेवला, रावणाने तोडला होता तसा.

आज ती आत्याला घेऊन आली. आत्याबाईंनी पदक निरखलं. "तुटकं सोनं नवरीच्या गळ्यात घालत न्हाईत. दुसरा पंख जोडून द्या."

मी गोष्ट सांगायला लागलो.

"ती आमाला बी ठाव हाय," त्या म्हणाल्या.

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "जोडा दादा," एवढंच बोलली.

दुपारभर बसून पंख घडवला, डाग देऊन जोडला. पदक देखणं दिसतंय, पण आता तो कुठलाही पक्षी आहे. कुणासाठीच न लढलेला.

मी नाही म्हणायला हवं होतं का? की तिने?