हळदीची चिंधी

मॅट्रिकला मी कीमियात, म्हणजे रसायनशास्त्रात, नापास झालो, तेव्हा वडिलांनी मला मास्तरांकडं शिकवणीला धाडलं. सगळं उस्मानाबाद त्यांना नुसतं मास्तर म्हणायचं. नाव मीही कधी विचारलं नाही.

ते एका वेळी एकालाच शिकवत. प्रयोगाचं सामान नव्हतं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली एक चिंधी तेवढी होती. तिच्यावर चुन्याची निवळी टाकली की ती लाल व्हायची आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. असं का होतं, ते मास्तर मराठीत समजावून सांगत. मग भिंतीला टेकून डोळे मिटत आणि म्हणत, "आता हेच उर्दूत सांग." परीक्षा उर्दूत असायची. मी अडखळलो की धडा पुन्हा पहिल्यापासून.

"मास्तर, तुम्ही लई दमता," मी एकदा म्हणालो.

"दमणारच की. एकदा कळायसाठी शिकवायचं, एकदा पास व्हायसाठी."

मी पास झालो. पुढं निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. धाकट्या भावाला घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडं गेलो. चिंधी लाल झाली, पिवळी झाली. मास्तरांनी डोळे मिटले.

"आता हेच उर्दूत सांग."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

"मास्तर, आता परीक्षा मराठीत असती," मी हळूच म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "व्हय की. मग झालं आजचं."

आम्ही उठलो. ते मात्र ओली चिंधी हातात घेऊन तसेच बसून राहिले, धडा अर्धाच झाल्यासारखे.