पुरूचा बिनफवारणीचा प्लॉट

आता काय सांगू तुम्हाले, माह्या हातून जे झालं ते ऐकल्यावर तुम्ही मले पुन्हा चहाले बोलावान का नाही, याचीच शंका आहे. पण सांगतो. नाहीतरी अर्ध्या पांढरकवड्याले माहीत झालंच आहे, मग माह्याच तोंडून ऐकलेलं बरं.

मी कृषी सहायक होतो. तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली अन् शेतकऱ्यायले एकच गोष्ट सांगत राह्यलो. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून तू फवारू नको, अगोदर प्लॉट पाडून पाहा. अर्ध्या वावरात औषध मार, अर्धं तसंच ठेव, दर आठवड्याले झाडं तपास. मगच ठरव औषधात दम आहे का नाही.

रिटायर झालो अन् मले काळजीची बिमारी लागली. म्हणजे होती पह्यलेपासूनच, पण नोकरीत तिले टाइम भेटत नव्हता. आता दिवसभर रिकामा. पोरगी, स्नेहल, दहा मिनिटं उशिरा आली का माह्या छातीत धडधड, हाताले घाम. ती बाजारात गेली तं तीन फोन. पोहचली काय, निघाली काय, रोडच्या कोणत्या बाजूनं चालून राह्यली. हसू नका, खरंच विचारलं होतं मी.

अशात तिले हैद्राबादले नोकरी लागली. तीन महिन्यांनी हजर व्हायचं होतं. घरात पेढे आले अन् मी पेढा हातात धरून विचारलं, तिकडे खोली रोडवर आहे का गल्लीत? दोन दिवसांनी पोरगी आईले म्हणे, मी नाही जात, माह्या मागं बाबाचं काय होईन? मी बाजूच्या खोलीत ऐकून राह्यलो होतो. पह्यले तं, खरं सांगतो, मले बरं वाटलं. अन् मग एवढी लाज वाटली का त्याच आठवड्यात यवतमाळची बस धरली अन् मनाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो.

मॅडम मोठ्या शांत. त्यायनं सगळं ऐकून घेतलं अन् तीन रस्ते सांगितले. एक म्हणजे रोजची गोळी. तिचा असर दिसाले चार-सहा आठवडे लागतात, सुरुवातीले मळमळ होऊ शकते, बरं वाटल्यावरही साल-दीड साल चालू ठेवावी लागते, अन् आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. दुसरी म्हणजे घबराट झाली तव्हाच घ्यायची गोळी. आराम लवकर पडते, पण रोज घेतली तं तिचीच सवय लागते, म्हणून मोजकी अन् थोड्या दिवसांपुरती. तिसरं समुपदेशन, म्हणजे दर आठवड्याले येऊन बोलायचं. ते गोळीसोबतही चालते. "विचार करून ठरवू, काका," त्या म्हणाल्या, "काही शंका असली तर मला विचारा."

मले विचारा म्हणाल्या होत्या. मी कायले विचारतो? घरी आलो, रजिस्टर काढलं अन् रेघा पाडल्या. असर, वेळ, नुकसान, मुदत. लवकर आराम देणारी गोळी पाहून मन लालचावलं, पण झटक्यात अळी पाडणाऱ्या औषधावर भाळू नका हे मीच लोकायले सांगत होतो. तिचं नाव काटलं. बोलाले जायचं म्हणजे दर आठवड्याले यवतमाळ, अन् लोकायनं विचारलं तं काय सांगू? तेही काटलं. राह्यली रोजची गोळी. मॅडमले सांगून ती चालू केली. इथपर्यंत मी शहाणाच होतो, हे ध्यानात ठेवा.

आठ दिवसांनी डोक्शात प्रश्न आला. समजा उद्या मले बरं वाटलं, तं ते गोळीनं का आपोआप? जोराचा पाऊस पडला तरी पिकावरची मावा कीड धुऊन जाते, अन् लोक औषधाचं नाव घेतात. साल-दीड साल गोळी खायची तं पुरावा पाह्यजे का नाही? म्हणजे तुलनेले एक बिनफवारणीचा प्लॉट पाह्यजे. अन् माणूस तं मी एकच.

तव्हा मले पुरू दिसला.

पुरुषोत्तम म्हणजे माह्या गल्लीतला रिटायर मास्तर. वय माह्याएवढं, बीपी माह्याएवढं, चहा दिवसातून चारदा. जमीन सारखी, पाणी सारखं. असा प्लॉट शोधून भेटत नाही. अन् त्याले सांगायचं नाही हेही पक्कं केलं. कारण शेतकऱ्याले सांगितलं का तुह्या वावरात औषध मारायचं नाही, तं तो चोरून मारते. अनुभव आहे मले.

दुसऱ्या दिवसापासून सायंकाळी सातले मी त्याच्या ओसरीत हजर.

"पुरू, आज धडधड झाली काय गा?"

"नाही."

"हाताले घाम?"

"कायले येईन घाम?"

"विनाकारण भेव वाटलं काय?"

"तू विचारून राह्यला म्हणून वाटून राह्यलं," तो हसून म्हणे.

मग त्याचं घड्याळ पाहाच्या निमित्तानं हात धरायचा, नाडी मोजायची, खिशातल्या डायरीत टिपायची अन् घरी येऊन रजिस्टरात उतरवायची. रोज दुसऱ्याचं तेच ते घड्याळ पाहाले मागणारा मी तालुक्यात एकटाच असीन.

पह्यल्या आठवड्यात काळजीचे मार्क दहापैकी मी नऊ, पुरू शून्य. चौथ्या आठवड्यात मी सात, पुरू दोन. आठव्या आठवड्यात मी चार अन् पुरू सात. बाप्पा, काय आनंद झाला मले! फवारलेला प्लॉट हिरवागार, अन् बिनफवारणीच्यात अळी चढून राह्यली. सगळ्या नोकरीत असा रिझल्ट भेटला नव्हता. त्या दिवशी नाडी मोजून डायरीत लिहिता लिहिता मी म्हणून गेलो, "वाढलं."

ते पुरूनं ऐकलं.

आता त्याच्या घरात काय चाललं होतं ते मले मागून समजलं. त्याच्या बायकोनं, म्हणजे वंदना वहिनीनं, सगळं जोडून घेतलं होतं. भाऊजी रोज येतात, नाडी पाहतात, काहीतरी लिहितात. दर महिन्याले यवतमाळच्या डॉक्टरकडे चकरा मारतात, कायले ते सांगत नाहीत. अन् रिटायर लोकायच्या शिबिरात सगळ्यायचं रक्त घेतलं होतं, त्यातला पुरूचाच रिपोर्ट आला नव्हता. म्हणजे तो रिपोर्ट भाऊजीच्या हाती लागला आहे, अन् त्यायच्यानं सांगवत नाही.

पुरूनं ईसीजी काढला. चांगला निघाला. चांगला निघाला म्हणून त्याले जास्तच भेव वाटलं, म्हणे डॉक्टरलेही सांगून ठेवलं दिसते. वहिनी केळापूरच्या देवीची ओटी भरून आल्या. पुण्याचा पोरगा रजा टाकून आला. त्यानं बापाले विचारलं, काय होते? पुरू म्हणे, सुधाकरकाकाले विचार, त्याले माहीत आहे. पोरगा माह्याकडे आला, तं मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "पंधरा दिवस थांब, मग सगळं समजीनच." तुम्हीच सांगा, असं कोणी बोलते काय? माह्या मनात प्लॉटचा निकाल होता.

पंधरा दिवसांनी रजिस्टर काखेत मारून मी यवतमाळले गेलो. आधी दोनदा गेलतो तव्हा ते नेलं नव्हतं, कापणीच्या आधी उत्पन्न कायले सांगायचं? मॅडमनं ते नीट वाचलं.

"तुमचं छान उतरलंय, काका. पण हा 'पु' कोण?"

मी खुर्ची पुढं ओढून मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. जमीन सारखी, पाणी सारखं. मॅडमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांना माहीत आहे हे?"

"नाही. सांगितलं तं चोरून फवारते."

"धडधाकट माणसाला रोज संध्याकाळी छातीत धडधडतं का विचारलं, तर त्याचं काय होईल?"

मी रजिस्टरकडे पाह्यलं. शून्य, दोन, सात. इतके दिवस ते आकडे होते, आता त्यात पुरूचं तोंड दिसाले लागलं. मॅडम म्हणाल्या, घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांना सगळं सांगा.

घरी जायची गरज पडली नाही. बाहेर आलो तं बाकड्यावर पुरू अन् वहिनी बसून होते. हार्टच्या डॉक्टरनं त्यायले इकडे पाठवलं होतं. मले रजिस्टर घेऊन आतून निघताना पाह्यलं अन् पुरूचं तोंड उतरलं.

"किती दिवस राह्यले, सुधाकर?" त्यानं विचारलं.

मस्करी नव्हती त्याच्या आवाजात. तिथंच त्याच्या बाजूले बसलो अन् सगळं सांगून टाकलं. गोळीचं, प्लॉटचं, घड्याळाचं. गोळीची गोष्ट घराबाहेर कोणाले कळू दिली नव्हती मी, ती दहा-पंधरा पेशंटायसमोर सांगितली. वहिनी ओरडल्या नाहीत, नुसत्या डोळ्याले पदर लावून बसल्या. पुरूनं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. मले वाटलं आता मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं.

"दोन-अडीच महिने तू मले विचारलं," तो शेवटी म्हणे, "तं माही अशी हालत झाली. तुह्या घरात स्नेहल चोवीस वर्षं कशी राह्यली गा?"

माह्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले बोलू.

मी परत आत गेलो. मॅडमले म्हटलं, गोळी तुम्ही म्हणसान तोपर्यंत घेतो, मनानं बंद करत नाही, अन् दर आठवड्याले बोलालेही येतो. लोक विचारतीन तं विचारू द्या. पुरूले तपासून त्यायनं गोळी दिली नाही. महिनाभर सायंकाळी सातले मी त्याच्या घरी जायचं नाही, एवढंच पथ्य सांगितलं. आठ दिवसांत तो ठणठणीत झाला.

स्नेहलले मी म्हटलं, तू जाय हैद्राबादले. तू माह्यासाठी थांबली तं मले बरं वाटीन, अन् तेच वाईट आहे. पोरगी रडली, मग बॅग भराले लागली. मॅडमनं दिवसातून एकच फोन ठरवून दिला होता. बसस्टँडवर तिले गाडीत बसवलं अन् मोबाइल बायकोच्या पर्समध्ये टाकून दिला. छातीत धडधड झाली, नाही असं नाही. घरी येऊन तुरीच्या शेंगा सोलत बसलो, धडधडीले म्हटलं तूही बस.

दोन तासही झाले नसतीन, पर्समध्ये फोन वाजला. आदिलाबादवरून स्नेहल.

"बाबा, तुमचा एकही फोन नाही आला. तुम्ही ठीक आहात ना? मले इथं धडधडून राह्यलं."

मी म्हटलं, बेटा, मी मजेत आहे, तू काळजी नको करू. तिले पटलं नाही. हैद्राबाद येईपर्यंत पोरीनं आणखी चार फोन केले. जेवले काय, गोळी घेतली काय, कोणत्या खोलीत बसून राह्यले. अन् मी दरवेळी पह्यल्या घंटीले उचलला. खरं सांगू? तीन महिन्यांच्या गोळ्यायनं वाटलं नव्हतं एवढं बरं मले त्या फोनायनं वाटलं.

मॅडमले हे अजून सांगितलं नाही. डोस वाढवतीन.