पांढरकवड्याची डिझेल मोटार बर्फात जाते

गॅरेजमध्ये दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत, जुने नटबोल्ट आणि किस्से. कोपऱ्यात साठत जातात. पांढरकवड्याला गफूरचाचांच्या गॅरेजात नटबोल्ट शोधावे लागायचे, किस्से मात्र हातात चहा आला की आपोआप सुरू! माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून होतं, म्हणून साठच्या दशकातले हे किस्से माझ्या डोळ्यांसमोरचे.

*

त्यातले निम्मे किसनच्या टॅक्सीचे. जुनी, लांबलचक अमेरिकन मोटार. तिचं पेट्रोल इंजिन कायमचं बसलं तेव्हा चाचांनी एका मोडक्या ट्रकचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. बसवलं म्हणजे काय, कापून, ठोकून, वेल्डिंग करून कोंबलं! गाडी चालली. पण आवाज असा, की ती स्टँडवर आली की हमाल ट्रक समजून धावायचे!

किसन वैतागायचा. चाचा म्हणायचे, "अरे, शेर की आवाज है! तेरे को बकरी की होना थी क्या?"

*

किसनची माय, सखूमाय, उभं आयुष्य हैदराबाद रोडवर गिट्टी फोडत होती. आता गुडघे गेले होते. किसन म्हणाला, "माय, सांग, गाडीनं तुले कोठी नेऊ?" आम्हाला वाटलं, नागपूरला, दीक्षाभूमीवर म्हणेल.

"थे तं मी पायी जाऊन आली," माय म्हणाली. "ऊन बी जिंदगीभर पाह्यलं. आता मले बर्फ पाह्यचं हाय. रेल्वेनं नाही, तुह्या गाडीत!"

सगळं स्टँड हसलं. एकजण म्हणाला, "हे डबडं नागपूरच्या पुढं गेलं तं मी मिशी काढतो!"

किसन तापट. तिथल्या तिथं बोलून बसला, "शिमल्याले नेतो मायले! बर्फात बंद पडली तं गाडी भंगारात इकतो आन हमाली करतो!" झालं. आता मायची हौस आणि किसनचं पोट, दोन्ही चाचांच्या पान्ह्यावर येऊन पडलं.

*

आता खरी गंमत. आमच्या गॅरेजची सगळी अक्कल गाडी थंड ठेवण्याची! बॉनेटवर ओलं पोतं टाका, रेडिएटरला मोठा पंखा लावा, हवा यायला जाळी कापा. लांबचा प्रवास म्हणून चाचांनी नेहमीप्रमाणे हे सगळं डबल केलं. गाडीचं नाक चाळणीसारखं करून ठेवलं आणि आम्ही कौतुकानं पाहत उभे!

तेवढ्यात हायवेवरचा एक पंजाबी ट्रकवाला पंक्चर काढायला आला. बघतच राहिला. "चाचा, उधर ठंड में तो हम गाड्डी का मुँह ढकते हैं!"

चाचांनी त्या चाळणीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "सखूबाई, सुई-धागा है क्या?"

मायनं जुन्या लुगड्यांची रेडिएटरला गोधडी शिवली. जाड, चौकोनी, बांधायला नाड्या असलेली. ती बांधून गाडी ट्रायलला निघाली तेव्हा पानवाला ओरडला, "काहो, गाडी बाळंत झाली का?"

*

कुणीतरी सांगितलं, तिकडे डिझेल गोठतं. चाचांचा विश्वास बसेना. यवतमाळहून लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फाची लादी आणली. बर्फात मीठ घालून डिझेलची बाटली खुपसली. खरंच डिझेल ताकासारखं गढूळ झालं! चाचांनी त्यात घासलेट मिसळलं आणि बाटली परत आत. म्हणाले, "अब देखो." आणि नमाजाला गेले.

मे महिन्याचं ऊन, आणि उघड्यावर बर्फ! चाचा परत येईपर्यंत बिनमिठाची बाजू स्टँडवाल्यांनी चघळून संपवली होती. डिझेल पास झालं, नापास झालं, कुणालाच कळलं नाही. दुसरी लादी आणली तेव्हा चाचा तिच्या शेजारी हातोडी घेऊन बसले! त्या वेळी मात्र डिझेल स्वच्छ राहिलं.

*

चाकांना साखळ्या लागतात म्हणे. विहिरीच्या साखळ्या जोडून चाचांनी त्या केल्या. पण ट्रायल कुठं घेणार? बर्फावर चाक घसरतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. काळ्या मातीत घसरतं ते मात्र सगळ्यांना ठाऊक! किसनच्या मामांच्या वावरात पाणी सोडलं, चिखल केला आणि गाडी आत घातली. मामा बैलजोडी घेऊन बांधावर तयारच होते. म्हणाले, "वढाच लागन, मले मालूम हाय."

इंजिन गुरगुरलं, साखळ्यांनी चिखल आभाळात उडवला आणि गाडी या टोकाची त्या टोकाला! मामा नखशिखांत काळे. चाचा म्हणाले, "मामा, बैलोंको छुट्टी दे दो!" मला तर वाटलं, छाती शर्टात मावत नाही.

*

हिवाळ्यात निघालो. मायनं वंदना म्हटली, चाचांनी बिस्मिल्ला केलं, मी बॅटरी चेक केली. वाटेत दोनदा पंक्चर, एकदा पट्टा तुटला, पण शिमला आलं!

सकाळी धर्मशाळेपुढं सगळं पांढरं. दिल्लीकडच्या चकचकीत मोटारी रांगेत उभ्या, आणि एकही सुरू होईना! सूटबूटवाले हँडल मारून घामाघूम. चाचांनी इंजिनाखाली सिगडी सरकवली, रात्री रिकाम्या केलेल्या रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतलं, मायची गोधडी बांधली. किसननं डोळे मिटून स्टार्टर दाबला.

एकदा घरघर. दुसऱ्यांदा धडाड धडधड! अख्खी धर्मशाळा खिडक्यांत आली. एक साहेब टोपी काढून म्हणाले, "खाँसाहब, सिगडी ज़रा इधर भी!" चाचांनी ती अशी ऐटीत दिली, जणू मेडल देत होते.

साखळ्या बांधून आम्ही वर निघालो. धर्मशाळेच्या वरच्या पहिल्याच वळणावर डोंगरच्या डोंगर बर्फ! किसननं गाडी थांबवली, धावत जाऊन मागचं दार उघडलं. "माय, पाह्य! केवढं बर्फ हाय!"

माय पाठ फिरवून मागच्या काचेतून खाली धर्मशाळेकडे डोळे लावून बसली होती.

"माय, बर्फ इकडं हाय! तू मांगं काय पाहून राह्यली?"

"थांब रे," माय म्हणाली. "बर्फ कोठी पयून नाही जात. थे मोटारवाले पाह्य, अजून तुह्याच गाडीकडं पाहून राह्यले!"