डेल्फ्टचा कालवा आणि धाकटा राजा

काय मंडळी, बरे आहात ना? वन्संचा दमा, नाशिकच्या भाऊजींचा गुडघा, बेबीची शुगर, सगळं आटोक्यात? मी ठणठणीत. फक्त जिवाला घोर आहे. सूनबाईचे दिवस भरत आलेत आणि इथे परदेशात सुईण घरीच येऊन बाळंतपण करणार म्हणतात.

सूनबाईला जरा पडता यावं म्हणून सात वर्षांच्या नातवाला, कबीरला घेऊन मी हार्लेमहून डेल्फ्टला निघाले. गाडी थेट आहे, तासाच्या आत पोचते. खाणं मात्र घरून न्या. एका पॅनकेकला बारा युरो देताना घास घशाखाली उतरत नाही.

गाडीत कबीरनं शाळेतलं राजांचं पुस्तक काढलं. मी चित्रं बघत गोष्ट सांगू लागले: नॉर्वेचा राजा लढाईत पडला आणि त्याच्या तीन मुलांनी एकच गादी वाटून घेतली. धाकटा जेमतेम चार-पाच वर्षांचा.

"मग, आजी?"

"मग तिघं गुण्यागोविंदानं नांदले. सुफळ संपूर्ण!"

खरा शेवट लेकानं मला सांगितला होता. पण घरात पोटुशी असताना असलं तोंडातून काढू नये. शिवाय म्हटलं, बाळ येतंय, पोराला वाटून घ्यायची गोडी लागेल.

डेल्फ्टच्या चौकात दुकानातल्या निळ्या नक्षीच्या बशा बघून मान वळवली, तर कबीर नाही! इथल्या कालव्यांना कठडे नसतात हो. धावत सुटले. चर्चमागे दिसला, काठावर बसलेला, पाय पाण्यावर सोडलेले, मांडीवर पुस्तक. हाक मारली तर दचकेल, म्हणून श्वास रोखून गेले आणि जॅकेटची कॉलर घट्ट धरली.

"धाकटा डाइड, आजी. सोळा वर्षांचा होता. यू डिडन्ट टेल मी."

"आजारी पडला रे तो."

"शेअर केलं म्हणून?"

"नाही रे सोन्या! वाटून घेतल्यानं कुणी मरत नाही."

"मग आईचं काय लपवतेस? तू फोनवर रडत होतीस. आय हर्ड."

मराठी धड बोलत नाही पोरगं, पण कळतं सगळं. मी गुडघे धरत शेजारी टेकले. "मला भीती वाटते रे. शेवट मलाही ठाऊक नाही." तो जरा सरकला आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्या हातात दिलं.

घरी सूनबाईनं कमरेवर हात ठेवून दार उघडलं. डेल्फ्टचं म्हणाल तर मला ती कॉलर तेवढी आठवते. बोटं अजून दुखतात.

तुमच्यापैकी कुणाची लेक-सून इथे घरी बाळंत झाली असेल, तर लगेच लिहा. खरं तेच लिहा. कबीरला वाचून दाखवायचंय, शेवट न कापता.