कुंदाताईंची टिकली

कुंदा भोईर कॉम्प्युटरवर बसायच्या आधी ट्यूबलाइटखाली उभ्या राहून पँटचं एक बटण बघायच्या. पितळी बटण, त्यावर कंपनीच्या नावाची उठवलेली बारीक अक्षरं. ते चिमटीत धरून, एक डोळा मिटून, जरा इकडे कलवायचं, जरा तिकडे. मग ‘हां’ म्हणून ते माऊसशेजारच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं आणि कामाला लागायचं. त्या डब्यात अशी पुष्कळ बटणं होती, सगळी तपासणीत नापास झालेली.

उल्हासनगरातल्या आमच्या दुकानात लेबलं बनतात, व्हिजिटिंग कार्डं बनतात आणि मोबाइलच्या पडद्यावरची चिमुकली चित्रंही बनतात. दुकानांचे, मंडळांचे, अ‍ॅपचे आयकॉन. नखाएवढ्या जागेत नाव बसवायचं आणि ते सोन्याचं नाहीतर काचेचं वाटलं पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची इच्छा असते. सात वर्षं हे काम मी एकटा करत होतो. कल्याणला कोर्स केलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर. कुंदाताई आल्या त्या जीन्सच्या कारखान्यातून. तिथं त्या बटणं तपासायच्या. कारखाना बंद पडल्यावर घराजवळ, अंबरनाथच्या बुवापाड्यात, एका क्लासात तीन महिने कॉम्प्युटर शिकल्या. आमच्या सिंधी शेठनी त्यांना ठेवून घेतलं आणि सगळं शिकवायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

मी मन लावून शिकवलं, हे खोटं नाही. चित्रातला प्रत्येक भाग वेगळ्या लेयरवर ठेवायचा, काचेवर काच ठेवावी तसा. अक्षराला सावली कुठून द्यायची, कडा कशी उचलायची, चमक कुठं टाकायची. एखादा लेयर चुकून हलू नये म्हणून त्याला कुलूप कसं लावायचं, तेही दाखवलं. ते इवलंसं कुलपाचं चित्र बघून त्या हसल्या.

“आपल्याच दुकानात कुलूप कुनासाठी, मास्तर?”

त्या दिवसापासून मी मास्तर झालो. ती पदवी मला पहिले दोनेक महिने आवडली.

त्यानंतर मात्र मला कुंदाताईंचा मत्सर वाटायला लागला. दुसरा कुठलाही सभ्य शब्द वापरून उपयोग नाही. मी अक्षर पडदाभर मोठं करून त्यावर तासभर कारागिरी करायचो. सोनं, त्यावर चमक, खाली दुहेरी सावली, भोवती तेजोवलय. मोठं असताना ते डोळे दिपवायचं आणि आयकॉनएवढं लहान केलं की त्याचा चिखल व्हायचा. कुंदाताई पहिल्यापासून नखाएवढ्या मापातच काम करायच्या. वरच्या कडेला उजेडाची एक रेघ, खालच्या कडेला अंधाराची एक रेघ, मध्ये जरासं पितळ. बस्स.

“अक्षराला पयला उजेर दे, दागिनं मंग,” त्या म्हणायच्या. त्यांच्या आगरी बोलण्यात उजेडाचा उजेर व्हायचा. मी शेठसमोर त्यावरून त्यांची एकदा थट्टाही केली. त्या माझ्याबरोबर हसल्या आणि उजेरच म्हणत राहिल्या.

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचे एक पेढेवाले आयकॉन करून घ्यायला आले होते. माझा आयकॉन त्यांनी हात लांब करून बघितला आणि नम्रपणे विचारलं, यात काय लिहिलंय? शेठनी काम कुंदाताईंकडे सरकवलं. अर्ध्या तासात तो माणूस फोन छातीशी धरून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पावशेर पेढे घेऊन परत आला. म्हणाला, आईला चष्म्याशिवाय वाचता आलं. पेढे मीही खाल्ले. चांगले होते, आणि त्याचाही मला राग आला.

त्यांची खरी करामत अनुस्वारात होती. मराठी अक्षराला सोनेरी कडा दिली की वरचं टिंब फुगतं आणि मात्रेला किंवा वेलांटीला जाऊन चिकटतं. मी ते चिकटू द्यायचो. कुंदाताई टिंब अक्षरापासून सोडवून वेगळ्या लेयरवर ठेवायच्या आणि त्याला त्याचा स्वतःचा उजेड द्यायच्या. त्या लेयरचं नाव ‘टिकली’. एवढ्याशा ठिपक्याचे इतके लाड कशाला, असं मी एकदा विचारलं.

“टिकली गेली तं मी कुंदाची कुदा,” त्या म्हणाल्या. “मंग शेठ इचारंल, कौन कूदा?”

पुढं एका जीन्सवाल्याचं मोठं काम आलं. कारखान्यातल्या बायकांना मोबाइलवर हजेरी लावता यावी म्हणून त्यानं अ‍ॅप करून घेतलं होतं आणि त्याचं नाव होतं ‘रंगत’. त्याच सुमारास शेठ बदलापूरला कात्रपमध्ये दुसरं दुकान काढत होते. कात्रपला माझं घर. त्या दुकानाच्या खुर्चीवर मी मनानं कधीच बसलो होतो, बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं. शेठनी मात्र जाहीर केलं की ‘रंगत’चा आयकॉन ज्याचा पसंत पडेल, त्याला कात्रपचं दुकान. पसंत कुंदाताईंचा पडला. पसंत पडायलाच हवा होता. ते अक्षर पितळी बटणावर उठवल्यासारखं होतं, बोट फिरवावंसं वाटणारं.

त्याच दुपारी कुंदाताई जेवणाचा डबा धुवायला मागच्या नळावर गेल्या होत्या. शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “मास्टर, कुंदा की फाइल भेज दो.” मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. ‘टिकली’वर माऊस ठेवला, तिला धरलं आणि चौकटीबाहेर सरकवून दिलं. एक सेकंदाचं काम. फाइल सेव्ह केली, चित्र पाठवलं. त्या जीन्सवाल्याला देवनागरी वाचता येत नव्हतं आणि शेठनाही. मला येत होतं.

कारखान्यातल्या बायकांनी सकाळी मोबाइल उघडले तर पडद्यावर ‘रगत’. आमच्याकडच्या जुन्या बायका रक्ताला रगत म्हणतात. कोणी हसलं, कोणी अ‍ॅपच्या पहिल्याच दिवशी अपशकुन म्हणून हजेरीच लावली नाही. दुपारी जीन्सवाला दुकानात येऊन उभा राहिला. कुंदाताईंनी फाइल उघडली. सगळे लेयर जागच्या जागी, टिकली तेवढी चौकटीबाहेर. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“माजाच हात लागला आसंल, शेठ,” त्या म्हणाल्या. टिकली ओढून जागेवर आणली, चित्र पुन्हा पाठवलं आणि डब्यातली बटणं उगाच खालीवर करत बसल्या.

त्या चुकीपायी कात्रपचं दुकान मला मिळालं. ते सुरू व्हायला आठ महिने गेले. ते आठही महिने आम्ही शेजारी शेजारी बसलो. कुंदाताई पूर्वीसारख्याच बोलायच्या, मास्तर म्हणायच्या, सुकटीची चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर काढून द्यायच्या. मी स्वतःची समजूत घातली की यांना काही कळलेलं नाही. साध्या बाई आहेत.

मी कात्रपला आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि बुवापाड्यात घरीच कॉम्प्युटर घेतला. सोडताना आपल्या सगळ्या फाइलींचा पेनड्राइव्ह द्यायला स्वतः कात्रपला आल्या. दुकान फिरून बघितलं, भिंतीवरचं सर्टिफिकेट वाकडं होतं ते सरळ केलं. जाताना पिशवीतून बटणांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

“ठेवा, मास्तर. मना आता बगायला लागत नय.”

त्या गेल्यावर मी आधाशासारखा पेनड्राइव्ह उघडला. त्यांचा उजेड अंशाअंशानं कसा वळतो, ते मला चोरायचं होतं. आता तर त्या समोरही नव्हत्या, तरी मत्सर जागच्या जागी होता. तारखेप्रमाणे एकेक फाइल बघत गेलो. पेढेवाल्यांची, मंडळांची, ‘रंगत’ची. नंतरच्या फाइली बघताना माझा हात थांबला. परत मागे गेलो, परत पुढे आलो.

‘रंगत’च्या आधीच्या एकाही फाइलीत कुलूप नव्हतं. नंतरच्या प्रत्येक फाइलीत, फक्त ‘टिकली’पुढे, ते इवलंसं कुलूप होतं. मीच शिकवलेलं. आठ महिन्यांत एकदाही त्या ते लावायला विसरल्या नव्हत्या.

उल्हासनगरच्या त्या दुकानात कॉम्प्युटरला हात लावणारे आम्ही दोघंच होतो.