हिरड्या बघणारे डॉक्टर

विट्याच्या पंचक्रोशीत ज्याच्या तोंडात आमच्या डॉक्टरकाकांनी डोकावून पाहिलं नाही, असा पुरुष त्या काळी एक तर तान्हा असेल, नाहीतर फरारी. काका माझ्या वडिलांचे शाळासोबती. लढाईत ते फौजेच्या इस्पितळात होते. लढाई संपल्यावर सांगलीत दवाखाना थाटला असता तर माडी बांधली असती. पण ते विट्याला परतले आणि गलाईवाल्यांच्या मागे लागले. आमच्याकडची माणसं पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत जाऊन सोनं गाळतात, ते गलाईवाले. सोनारांच्या दुकानातला केर शिसं घालून भट्टीत आटवायचा. शिशाचा धूर होतो, सोनं-चांदी मागे राहते. "त्यो धूर जातोय कुठं?" काका विचारायचे, "माणसातच की!" अंगात शिसं मुरलं की हिरडीच्या कडेला निळसर रेघ उठते, हे कळल्यापासून त्यांनी रामराम म्हणणंच सोडलं होतं. स्टँडवर गलाईवाला उतरला, की त्याची ट्रंक टपावरून खाली यायच्या आत काका पुढे. "आ कर रं गड्या. भट्टीम्होरं बसायच्या आधी काय खातोस?" तो बहुधा म्हणायचा, "निस्ता च्या." काका मान हलवायचे. पोटभर भाजी-भाकरी खाऊन, दूध पिऊन बसणाऱ्याला शिसं कमी बाधतं आणि उपाशी माणसात ते घर करतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सिद्ध करायला त्यांना साऱ्या तालुक्याची तोंडं हवी होती. एकदा कीर्तनात बुवांनी लांब तान घेतली, तर काका मांडवात उठून मान वाकडी करून आत बघू लागले. बुवांनी तान तिथंच गिळली.

लोक आधी हसले, मग कंटाळले. तापाचं औषध मागायला गेलेल्यानं आठवडाभराचं जेवण का सांगावं? गावात नवी घरं उठत होती ती गलाईच्या पैशावर, आणि त्या घरांचे मालक काकांना 'येडा डाक्टर' म्हणू लागले. दवाखान्याचं बाकडं रिकामं पडलं.

माझ्या बहिणीची, अक्काची, सोयरीक मद्रासच्या एका गलाईवाल्याशी जुळली. मी साताऱ्याला मास्तर होतो, सुपारी फोडायला घरी आलो होतो. नवरा मुलगा देखणा, सदऱ्याला सोन्याची बटणं. वडील हरखून गेले होते. तेवढ्यात काका बैठकीतून उठले, मुलापुढे उकिडवे बसले आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती.

"आवं डाक्टर," मुलाचा चुलता ताडकन उभा राहिला, "सोयरिकीला आलायसा, का खरसुंडीच्या बाजारात खोंडाचं दात बघाय?"

सगळी बैठक हसली. काका हसले नाहीत. "लगीन मोडू नगा," ते म्हणाले, "पोराला वरीसभर भट्टीवरनं उठवा. खाऊ-पिऊ घाला. एवढंच म्हणतोय."

वडिलांचा चेहरा उतरला. "गड्या, तू जरा भाईर बस," ते म्हणाले. काका बाहेर बसले नाहीत, घरी गेले. लग्नाचं बोलावणं त्यांना गेलं नाही. सासरी निघताना अक्का मात्र त्यांच्या पाया पडून आली. "त्येला उपाशी भट्टीम्होरं बसू दिऊ नगंस," एवढंच काका तिला म्हणाले.

दोनेक वर्षांनी, मी सुट्टीत घरी असताना, दोघं गावी आली. मेहुण्यांचं अंग भरलं होतं. काका आपणहून आले. इतक्या दिवसांत प्रथमच. त्यांनी ओठ वर करून पाहिलं. रेघ फिकट झाली होती. "बघ!" ते वडिलांना म्हणाले, "अन्नानं हटतंय!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात त्यांच्यापुढे चहा ठेवताना अक्काच्या हातून कपबशी निसटली. तिचं मनगट लोंबत होतं.

काकांनी तो हात उचलून बघितला; शिसं मनगटात उतरलं होतं. "तू काय खात व्हतीस, पोरी?"

अक्का हळूच म्हणाली, "उरलं तर. दूध त्येंनाच पुरायचं न्हाई." भट्टी पुढच्या खोलीत, चूल आणि अंथरूण मागच्या. धुराला वाट तीच. त्यात सोमवार-गुरुवारचे उपास. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. आम्हाला त्यातलं काही कळवलं नव्हतं.

"एवढ्या बाप्यांची तोंडं बघितली मी..." काका म्हणाले आणि तसेच उठून गेले.

अक्का माहेरी राहिली. काकांनी स्टँडवर जाणं सोडलं. आता ते घराघरांतून बायका काय जेवतात हे विचारू लागले, आणि जी दारं त्यांना अजून उघडी होती तीही बंद झाली. डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ते चारेक वर्षांत गेले. त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं असेल असं मला वाटत नाही. अक्काच्या हातात पुढे बळ आलं. मूल झालं नाही.

पण ते होते तोवर रोज सकाळी आपल्या गाईच्या दुधाचा तांब्या घेऊन यायचे आणि आमच्या पायरीवर बसायचे. वडीलधाऱ्या माणसासमोर पिणं अक्काला अवघड वाटायचं. ती तांब्या हातात धरून खाली बघत राहायची. काका रस्त्याकडे तोंड फिरवायचे.

"पी," ते म्हणायचे, "मी बघत न्हाई."