मिल्टन कीन्सचा हुतात्मा

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच पाडून घेतात. मी तो निवडून, पुसून, मुहूर्त पाहून पाडून घेतला.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळाचा मी अध्यक्ष. यंदा तरुण मंडळी कुरकुरायला लागली, खुर्ची डुगडुगायला लागली. त्यात माझी लेक अन्वी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. जेवताना म्हणाली, "बाबा, जुन्या काळी राजाचं डोकं उडवलं ना, की तो हुतात्मा व्हायचा. लोक रडायचे. मग मेलेला राजा जिवंत राजापेक्षा डेंजरस."

झालं. माझं ठरलं. राजीनामा द्यायचा. लोक "नको, नको" म्हणतील, मी आढेवेढे घेईन आणि शेवटी जड अंतःकरणाने खुर्ची स्वीकारेन. आपल्यात पुरणपोळीसुद्धा कोणी पहिल्या आग्रहाला घेत नाही, मग अध्यक्षपद कसं घेणार?

गणपतीच्या मीटिंगला उभा राहिलो. गळा दाटून आणला. "मंडळासाठी मी बाजूला होतोय."

आमचा सेक्रेटरी रोहन, इथेच जन्मलेला, म्हणाला, "काका, दॅट्स रिअली ब्रेव्ह. आम्ही तुमचा डिसिजन फुल्ली रिस्पेक्ट करतो."

"अरे, पण तुम्हा सगळ्यांना वाटत असेल तर…"

"नो, नो. आम्ही प्रेशर नाही टाकणार."

टाक ना मेल्या, थोडं टाक!

आशेने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं हो. आता वीकेंडला कुंपण तरी दुरुस्त होईल." टाळ्याही तिनेच सुरू केल्या. चहा निवायच्या आत रोहन अध्यक्ष. रडलं कोणी नाही. म्हणजे मी रडलो, पण घरी, कांदा चिरायच्या निमित्ताने.

गणपतीच्या दिवशी मला पिवळं जॅकेट घालून हॉलच्या कार पार्कमध्ये उभं केलं. भुरभुर पाऊस. लेस्टरहून आलेल्या एका आजोबांनी गाडीची काच खाली केली. "अहो, तुम्ही अध्यक्ष ना? आणि स्वतः पार्किंग सांभाळताय? केवढा हा त्याग."

खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नम्रपणे मान झुकवली आणि दारासमोरची, अध्यक्षांसाठी राखलेली जागा त्यांना देऊन टाकली.

मग रोहन आला. त्याला पार टोकाला पाठवलं. वाटलं, चिडेल. तो भिजत, हसत चालत आला. "काका, यू आर अ नॅचरल. दिवाळीला पण पार्किंग तुम्हीच कराल ना?"

"छे रे, आता दुसऱ्या कोणाला तरी…" एवढं अगदी ओठांवर आलं होतं. पण हा पोरगा पहिलाच नकार खरा धरतो. घाईघाईने म्हणालो, "करतो की. जॅकेट माझ्याकडेच राहू दे."